‘इज’ : एक क्रियापद आणि त्यावरचे वाद

इंग्रजीतले ‘इज’ हे क्रियापद अवघ्या दोन अक्षरांचे आहे, पण त्याच्या वाट्याला निदान चार-पाच निरनिराळी कामे आलेली आहेत. एखाद्या वस्तूचा गुण ते सांगते, ती कोणत्या वर्गात मोडते ते सांगते, दोन नावे एकाच वस्तूची असल्याचे सांगते आणि कधी कधी ती वस्तू मुळात आहे, एवढेच सांगते. रोजच्या व्यवहारात या कामांची सरमिसळ झाली तरी कोणाचे अडत नाही. ईश्वर, आत्मा आणि जगत् यांविषयीच्या चर्चेत मात्र अडते. तिथे ‘आहे’ हा शब्द कोणत्या अर्थाने घेतला, यावरच युक्तिवादाची सगळी भिस्त असते.

हा शब्द मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. ‘इज’ आणि संस्कृतमधला ‘अस्ति’ हे एकाच मूळ धातूपासून निघालेले सख्खे भाऊबंद. ग्रीक ‘एस्ति’, लॅटिन ‘एस्ट’, जर्मन ‘इस्ट’ आणि फारसी ‘अस्त’ हीही त्याच घरातली मंडळी. इंग्रजीचे हे क्रियापद तीन धातूंचे तुकडे जोडून तयार झाले आहे. ‘ॲम’ आणि ‘इज’ ही रूपे ‘अस्’ची, ‘बी’ आणि ‘बीन’ ही ‘भू’ची, तर ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही राहणे, वास करणे या अर्थाच्या ‘वस्’ची नातलग आहेत. संस्कृतातही ‘अस्’चा संसार एकट्याने चालत नाही. काही काळांत त्याच्या जागी ‘भू’ योजावा, असे पाणिनीचे सूत्रच आहे. मराठीतले ‘असणे’ ‘अस्’कडून आले आणि ‘होणे’ ‘भू’कडून.

कामांचा फरक लक्षात यायला सॉक्रेटिसचे ठरीव उदाहरण पुरेसे आहे. ‘सॉक्रेटिस शहाणा आहे’ यात गुण सांगितला. ‘सॉक्रेटिस माणूस आहे’ यात वर्ग सांगितला. ‘सॉक्रेटिस हा प्लेटोचा गुरू आहे’ यात दोन वर्णने एकाच व्यक्तीची असल्याचे सांगितले, म्हणून हे वाक्य उलटे फिरवता येते: प्लेटोचा गुरू तोच सॉक्रेटिस. पहिली दोन वाक्ये अशी फिरवता येत नाहीत. वर्ग सांगणाऱ्या ‘आहे’चेही पुन्हा दोन प्रकार पडतात. व्हेल सस्तन प्राणी आहे, सस्तन प्राणी पृष्ठवंशीय आहेत, म्हणून व्हेल पृष्ठवंशीय आहे, हे अनुमान बिनचूक आहे. पण सॉक्रेटिस माणूस आहे, माणूस ही एक प्रजाती आहे, म्हणून सॉक्रेटिस ही एक प्रजाती आहे, असे म्हणताच हसे होते. एका वर्गाचा दुसऱ्या वर्गात समावेश होणे वेगळे आणि एका व्यक्तीने वर्गाचा सदस्य असणे वेगळे. इटालियन गणिती ज्युसेप्पे पेआनो याने १८८९ मध्ये सदस्यत्वासाठी एक स्वतंत्र चिन्ह योजले. ते ग्रीक ‘एस्ति’ या शब्दाचे आद्याक्षर होते. आज संचांच्या धड्यात मुले जे चिन्ह गिरवतात, ते त्याचेच बदललेले रूप आहे.

मराठीने यातली काही कामे मुळातच वेगळ्या शब्दांकडे सोपवली आहेत. ‘हा चहा गरम आहे’ आणि ‘चहा गरम असतो’ या दोन्ही ठिकाणी इंग्रजीला एकच ‘इज’ चालतो. मराठीत पहिले विधान समोरच्या कपाविषयीचे आहे आणि दुसरे चहाच्या एकूण रीतीविषयीचे. त्यामुळे कपातला चहा निवला म्हणून दुसरे विधान खोटे ठरत नाही. नकारात तर फरक आणखी ठसठशीत होतो. ‘नाही’ म्हणजे अभाव आणि ‘नव्हे’ म्हणजे भेद. आजच्या बोलण्यात ‘नाही’ने ‘नव्हे’ची बरीच जागा बळकावली असली, तरी जिथे ओळखीचाच प्रश्न येतो तिथे ‘नव्हे’ टिकून आहे. आचार्य अत्र्यांचे १९६२ साली रंगभूमीवर आलेले ‘तो मी नव्हेच’ हे नाटक याची साक्ष देते. अनेकांना फसवणारा आरोपी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा आहे. तो कुठे हजर होता-नव्हता हा तिथला मुद्दा नाही, तो माणूस हाच की दुसरा, हा आहे. ‘तिथे मी नाहीच’ हा बचाव वेगळा असतो आणि ‘तो मी नव्हेच’ हा वेगळा. लखोबा लोखंडेने निवडलेला बचाव तर्कशास्त्राच्या भाषेत तादात्म्याचा नकार आहे.

न्याय आणि वैशेषिक या जोडदर्शनांनी हा भेद शास्त्रात बसवला. वैशेषिकांच्या यादीत अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला गेला आणि त्याचे चार प्रकार ठरले. मडके घडण्यापूर्वी नसते, तो प्रागभाव. फुटल्यावर नसते, तो प्रध्वंसाभाव. वायूला रूप कधीच नसते, तो अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, तो अन्योन्याभाव. पहिले तीन संबंधाचे अभाव आहेत. काहीतरी कुठेतरी किंवा केव्हातरी नाही, असे ते सांगतात. चौथ्यात घटही आहे आणि पटही आहे. नाकारली जाते ती फक्त दोघांची एकरूपता.

ग्रीकांना हा गुंता सोडवायला बराच वेळ लागला. इ. स. पूर्व पाचव्या शतकात दक्षिण इटलीतल्या एलिआ इथे पार्मेनिडीस होऊन गेला. त्याच्या काव्यात एक देवता त्याला दोन वाटा दाखवते. एक ‘आहे’ची आणि दुसरी ‘नाही’ची. दुसरी वाट बंद, कारण जे नाही त्याचा विचारही करता येत नाही. इथपर्यंत ठीक वाटते, पण पुढचा निष्कर्ष जबर आहे. जन्म म्हणजे नव्हते ते होणे, मृत्यू म्हणजे होते ते न राहणे आणि बदल म्हणजे एक न राहता दुसरे होणे. या सगळ्यांत ‘नाही’ दडलेले असते, म्हणून जन्म, मृत्यू आणि बदल हा सारा भास. उरते ते एक, अखंड, अचल सत्. भारतीय वाचकाला इथे अद्वैताची आठवण होते, पण वाट निराळी आहे. पार्मेनिडीसने अनुभव किंवा श्रुती यांचा आधार घेतला नाही. त्याचा सगळा डोलारा एका क्रियापदावर उभा आहे.

प्लेटोने ‘सोफिस्ट’ या संवादात त्या क्रियापदालाच हात घातला. गती आहे, पण गती म्हणजे स्थिरता नव्हे. या दुसऱ्या वाक्यातल्या नकाराने गती शून्यात जमा होत नाही. ती स्थिरतेहून वेगळी आहे, एवढेच ठरते. म्हणजे ‘नाही’चा एक अर्थ ‘भिन्न’ असा आहे आणि त्या अर्थाने नसलेल्याविषयी खुशाल बोलता येते. नैयायिकांचा अन्योन्याभाव तो हाच. दोन्हीकडचे विचारवंत एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नसताना एकाच भेदापाशी पोचले, ही गोष्ट भाषेपेक्षा विचाराच्या रचनेविषयी अधिक सांगते.

ॲरिस्टॉटलने त्याहून व्यापक मांडणी केली. ‘मेटाफिजिक्स’च्या चौथ्या ग्रंथात तो असे मांडतो की ‘असणे’ अनेक परींनी बोलले जाते, पण त्या परी विस्कळीत नाहीत. आहाराला, औषधाला आणि चेहऱ्यावरच्या तजेल्याला ग्रीक भाषेत एकच ‘निरोगी’ हे विशेषण लागते. आहार आरोग्य टिकवतो, औषध ते परत आणते, तजेला ते असल्याची खूण असतो. अर्थ तीन, पण तिन्हींचा खुंटा आरोग्य हाच. तसेच रंग, आकारमान, जागा, नाते हे सगळे ‘आहे’त, पण ज्याच्या आधाराने ते आहेत ते मूळ द्रव्य. पाचव्या ग्रंथात तो ‘आहे’चे आणखी अर्थ नोंदवतो. त्यांतला एक म्हणजे ‘खरे आहे’. मराठी माणूस मान डोलावून नुसते ‘आहे, आहे’ म्हणतो, तेव्हा तोही हाच अर्थ वापरतो. चार्ल्स कान या अभ्यासकाने १९७३ मध्ये ग्रीक क्रियापदावरच्या आपल्या ग्रंथात या ‘खरेपणा’च्या अर्थाला फार महत्त्व दिले.

हे तत्त्वज्ञान बगदादमध्ये अरबी भाषेत उतरू लागले तेव्हा एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. अरबीत वर्तमानकाळी ‘आहे’ची गरजच नसते, ‘झैद शहाणा’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. भाषांतरकारांनी कधी ‘तो’ या अर्थाचे ‘हुव’ हे सर्वनाम मध्ये घातले, तर कधी ‘मौजूद’ हा शब्द वापरला. हिंदी-उर्दूत आज रुळलेल्या ‘मौजूद’चा धात्वर्थ ‘सापडलेले’ असा आहे. दहाव्या शतकातला फाराबी हा तत्त्वज्ञ या प्रश्नाची चर्चा करताना फारसी, ग्रीक आणि सोग्दी भाषांतले ‘अस्ति’सारखे शब्द शेजारी ठेवतो आणि ‘मौजूद’च्या घडणीमुळे होणाऱ्या घोटाळ्याची सूचना देतो. ‘सापडलेले’ म्हटले की शोधणारा आणि सापडणारी वस्तू असे दोघे आपोआप गृहीत धरले जातात, आणि ‘असण्या’त तसे काही नाही. त्याच्यानंतरच्या इब्न सिनाने वस्तू काय आहे आणि वस्तू आहे की नाही, हे दोन प्रश्न कायमचे वेगळे केले. घोडा म्हणजे काय हे पूर्ण सांगून झाले, तरी घोडे आहेत हे त्यातून निघत नाही. ज्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे पडत नाहीत असा एकच, आणि तो ईश्वर. ही कल्पना लॅटिन युरोपात गेली आणि तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने तिला बायबलचा आधार जोडला. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे देवाचे नाव विचारतो. मिळणारे हिब्रू उत्तर ‘असण्या’च्या क्रियापदावर बेतलेले आहे आणि त्याचा काळ भविष्याकडे झुकतो. ग्रीक भाषांतरात ते ‘जो आहे तो’ असे झाले. अक्विनासच्या मते ‘जो आहे’ हेच देवाचे सर्वांत योग्य नाव.

अस्तित्व हा गुण आहे का, या प्रश्नाने युरोपीय धर्मविचाराला सर्वांत जास्त छळले. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲन्सेल्म या मठवासी साधूने एक युक्तिवाद रचला. ज्याच्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो ईश्वर. असा ईश्वर फक्त मनात आहे असे धरले, तर प्रत्यक्षात असलेला ईश्वर त्याच्याहून थोर ठरेल. मग मनातल्याला ती व्याख्या लागू पडणार नाही. म्हणून ईश्वर प्रत्यक्षात असलाच पाहिजे. गॉनिलो नावाच्या त्याच्याच काळातल्या साधूने लगेच विचारले की, मग याच रीतीने सर्वांत उत्तम बेटही सिद्ध होईल की! प्रश्न नेमका होता, तरी युक्तिवाद मेला नाही. १६४१ मध्ये देकार्तने तो नव्याने मांडला. त्रिकोणाच्या स्वरूपात जसे तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असणे येते, तसे परिपूर्ण ईश्वराच्या स्वरूपात अस्तित्व येते, असे त्याचे म्हणणे.

जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये याचे मूळ ‘इस्ट’च्या दोन कामांत दाखवले. ‘ईश्वर सर्वशक्तिमान आहे’ या वाक्यातला ‘आहे’ उद्देश्य आणि विधेय यांना जोडतो, स्वतः काही भर घालत नाही. ‘ईश्वर आहे’ असे म्हटले तरी ईश्वराच्या कल्पनेत नवा गुण वाढत नाही. त्या कल्पनेबरहुकूम काही आहे, एवढेच ठरते. शंभर खरे थालर आणि शंभर कल्पिलेले थालर यांत नाण्यांचा हिशेब सारखाच असतो. खिशाला फरक पडतो, कल्पनेला नाही. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८८४ मध्ये हेच अंकगणिताच्या भाषेत सांगितले. अस्तित्वाचे विधान वस्तूविषयी नसून संकल्पनेविषयी असते, आणि तिच्या खाली येणाऱ्या वस्तूंची संख्या शून्य नाही, एवढेच ते सांगते. याच फ्रेगेने १८९२ मध्ये पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा यांचे उदाहरण दिले. दोन्ही नावे शुक्राचीच, पण ‘पहाटेचा तारा पहाटेचा तारा आहे’ हे कोणीही घरबसल्या सांगेल. ‘पहाटेचा तारा तोच संध्याकाळचा तारा’ हे मात्र आकाशाचे निरीक्षण केल्याखेरीज कळत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ रसेल या सरमिसळीवर इतका वैतागला होता की, गुण सांगणे आणि तादात्म्य सांगणे यांसाठी माणसांनी एकच शब्द वापरावा, ही अख्ख्या मानवजातीची नामुष्की आहे, असे त्याने लिहून ठेवले. नामुष्की जरा जास्त झाली. फिनलंडच्या याक्को हिंटिक्काने पुढे असा आक्षेप घेतला की शब्द एकच असतो आणि अर्थाचा फरक वाक्याच्या संदर्भातून निघतो. नैसर्गिक भाषेला फ्रेगेच्या चिन्हांचे माप लावायचे कारण नाही.

भारतीय नैयायिकांनी ईश्वर सिद्ध करायला ॲन्सेल्मची वाट धरली नाही. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’तली अनुमाने कार्यावरून कर्त्याकडे जातात, व्याख्येवरून अस्तित्वाकडे नव्हे. ‘आहे’वरचा वाद इथे वेगळ्या ठिकाणी पेटला. पाणिनीच्या सूत्रानुसार ज्याची मती ‘अस्ति’ अशी तो आस्तिक आणि ‘नास्ति’ अशी तो नास्तिक. पण काय आहे आणि काय नाही, हे सूत्रात सांगितलेले नाही. ‘काशिका’ या टीकेने तिथे परलोक घातला. पुढे वेदांचे प्रामाण्य मानणे-न मानणे ही कसोटी झाली, म्हणून ईश्वराची गरज न मानणारी सांख्य आणि मीमांसा ही दर्शनेही आस्तिकांत बसली. आजच्या मराठीत देव न मानणारा तो नास्तिक. रिकामी जागा तीच, तिच्यात भरायचे कर्ते बदलत गेले.

वैशेषिकांनी ‘सत्ता’ हे सर्वांत व्यापक सामान्य मानले. द्रव्य, गुण आणि कर्म यांना ‘आहे’ म्हणता येते ते तिच्यामुळे. अद्वैतींनी सत्तेच्या पायऱ्या केल्या. दोरीवरचा साप भासतो तेवढ्यापुरता आहे, ती प्रातिभासिक सत्ता. दोरी व्यवहारात आहे, ती व्यावहारिक. ब्रह्म पारमार्थिक अर्थाने आहे. जैनांनी ‘स्यात्’ हा शब्द लावून ‘अस्ति’, ‘नास्ति’ आणि ‘अवक्तव्य’ यांच्या सात भंगी मांडल्या. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘आहे’ला शाश्वतवादाचे आणि ‘नाही’ला उच्छेदवादाचे टोक म्हटले आणि शहाण्याने दोन्ही टाळावीत, असे सांगितले. पार्मेनिडीसने जिथे दोनच वाटा पाहिल्या, तिथे बौद्धांची चतुष्कोटी आहे, नाही, दोन्ही आणि दोन्ही नाही, अशा चार वाटा मोजते आणि नागार्जुन चारही बंद करतो.

मराठी संतांनाही हा प्रश्न टळला नाही. ‘सच्चिदानंद’मधले ‘सत्’ हे ‘अस्’चेच रूप. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’चे एक प्रकरण या तीन पदांच्या विवरणाला दिले आहे. त्यांचा मुद्दा असा की सत् म्हटल्याने वस्तूचे वर्णन होत नाही, असत् तेवढे दूर सारले जाते; ते काम झाले की पदही मागे सरते. तुकारामांच्या एका अभंगात तर वाणीने देव आहे असे वदवावे आणि मनाने तो नाही असा अनुभव घ्यावा, असा सल्ला आहे. यात नास्तिकता शोधणारे फसतात. वाणीतला ‘आहे’ भजनाला दोघे पुरवतो, देव आणि भक्त. अनुभवात ते दोघेपणच उरत नाही, तर वेगळा देव कुठून राहणार?

वेदांतातला मोठा वाद मात्र अस्तित्वाच्या ‘आहे’वर नाही, तादात्म्याच्या ‘आहे’वर आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला निरनिराळे दाखले देऊन नऊ वेळा एकच गोष्ट सांगतो. ‘तत्त्वमसि’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या महावाक्यातला ‘असि’ म्हणजे ‘अस्’चे द्वितीय पुरुषी रूप. ते तू आहेस, यातला ‘आहेस’ कसला? शंकराचार्यांच्या परंपरेत तो पूर्ण ऐक्याचा मानला जातो. पण अल्पज्ञ जीव आणि सर्वज्ञ ब्रह्म एक कसे? त्यावर ‘तोच हा देवदत्त’ हा दाखला देतात. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटला. ‘तो’मधला तेव्हाचा काळ आणि ती जागा गाळली, ‘हा’मधला आताचा काळ आणि ही जागा गाळली, की माणूस एकच उरतो. तसे जीवाचे अल्पज्ञत्व आणि ईश्वराचे सर्वज्ञत्व हे दोन्ही गाळले की चैतन्य एकच. शास्त्रात याला भागत्याग-लक्षणा म्हणतात.

रामानुजाचार्यांना ही गाळणी मंजूर नाही. दोन पदे एका वस्तूला लागतात ती दोन निरनिराळ्या बाजू दाखवण्यासाठी. बाजूच गाळल्या तर दोन पदे हवीत कशाला? त्यांच्या मते जीव हे ब्रह्माचे शरीर आहे आणि शरीरवाचक शब्द अखेर शरीरीपर्यंत पोचतो. म्हणून ‘तू’ हा शब्द श्वेतकेतूच्या आत राहणाऱ्या ब्रह्मापाशी जाऊन थांबतो. मध्वाचार्यांनी तर वाक्यच निराळे फोडले. आधीच्या ‘आत्मा’ या शब्दाशी संधी सोडवताना त्यांनी ‘अतत्’ असे वाचले, म्हणजे ते तू नव्हेस. संधीच्या नियमांना यात काही वावगे नाही. अक्षरे तीच राहून एकात तादात्म्य, दुसऱ्यात शरीर-शरीरीभाव आणि तिसऱ्यात भेद, असे तीन संप्रदाय उभे राहिले. व्याकरण तिघांनाही उत्तम येत होते. कोणता अर्थ घ्यायचा हे प्रत्येकाने जीव आणि ब्रह्म यांविषयी आधी जे धरले होते त्यावरून ठरले, असेच म्हणावे लागते.

लौकिक जगात मात्र ‘इज’ अर्थासाठी नव्हे तर काळासाठी गाजला. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची ग्रँड ज्यूरीसमोर साक्ष झाली. त्यांच्या वकिलाने पूर्वी क्लिंटन यांच्या विवाहबाह्य संबंधांविषयी वर्तमानकाळात नकार दिला होता. ते विधान खोटे होते ना, असे विचारल्यावर क्लिंटन यांनी उत्तर ‘इज’ शब्दाच्या अर्थावर अवलंबून असल्याचे सांगितले. ‘इज’मध्ये ‘कधीच नव्हते’ हेही येत असेल तर गोष्ट वेगळी. सध्या नाही एवढेच असेल तर विधान खरे. जगभर या उत्तराची टिंगल झाली, पण व्याकरण म्हणून त्यात चूक नव्हती. चूक होती ती दिशाभुलीची.

‘आहे’वर प्रत्यक्ष दोन धर्मपंथ फुटले ते जर्मनीतल्या मारबुर्ग इथे. येशूने शेवटच्या भोजनात भाकरी हातात घेऊन ती आपले शरीर असल्याचे शिष्यांना सांगितले. कॅथलिक चर्चने १२१५ च्या लॅटरन परिषदेत प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीचे येशूच्या शरीरात रूपांतर होते, असा शब्द धर्ममतात आणला होता. सुधारणावाद्यांना तो नको होता, पण त्या जागी काय, यावर त्यांचे एकमत होईना. हेसचा सरदार फिलिप याला प्रॉटेस्टंटांची राजकीय आघाडी हवी होती. म्हणून ऑक्टोबर १५२९ मध्ये त्याने मार्टिन लूथर आणि झ्युरिखचा हुल्ड्रिख झ्विंगली यांना आपल्या किल्ल्यात समोरासमोर बसवले. लूथरने खडूने मेजावर येशूचे ते वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवले आणि वरून कापड टाकले. पुरावा मागितला जाताच त्याने कापड उचलून दाखवले. ‘एस्ट’ म्हणजे ‘आहे’. देवाच्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटवायचा नाही.

झ्विंगलीचे म्हणणे, कॉर्नेलिस हुन या डच विद्वानाच्या पत्रावरून त्याला पटलेले, असे होते की इथे ‘एस्ट’चा अर्थ ‘दर्शवते’ असा घ्यावा. येशूने स्वतःला द्राक्षवेल म्हटले आहे, म्हणून कोणी त्याला पाने फुटल्याचे मानत नाही. भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवून ‘हे आजोबा’ असे म्हणतात, तेव्हा आजोबा काचेमागे बसलेले नसतात. पुढे काही अभ्यासकांनी असेही सुचवले की येशूची बोली अरमाईक, आणि तिच्यात अशा वाक्याला क्रियापद लागत नाही. म्हणजे ज्या शब्दावर भांडण झाले तो मुळात उच्चारलाच गेला नसावा. हा मुद्दा दिसतो तितका निर्णायक नाही. संस्कृतातही वाक्याला क्रियापद नसेल तर ‘अस्ति’ अध्याहृत धरावा, असे वैयाकरण कात्यायनाने केव्हाच सांगून ठेवले आहे. ‘दिव्याखाली अंधार’ म्हणणारा मराठी माणूसही ‘आहे’ गाळतो, टाळत नाही. न उच्चारलेल्या ‘आहे’चाही अर्थ लावावाच लागतो.

खरी अडचण व्याकरणापलीकडची होती. झ्विंगलीच्या मते येशूचे शरीर स्वर्गात आहे आणि शरीर म्हटले की ते एका वेळी एकाच ठिकाणी असणार. लूथरच्या मते देवाने ठरवलेल्या ठिकाणी ते असू शकते, आणि अनेक ठिकाणीही. शरीर म्हणजे काय यावरच एकमत नसताना ‘आहे’चे कितीही अर्थ वेगळे केले तरी तिढा सुटणार कसा? पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले, पंधराव्यातही बरेच जुळले, पण भाकरीतल्या शरीरावर गाडे अडले आणि फिलिपची आघाडी फिसकटली. दोन वर्षांनी झ्विंगली कापेलच्या लढाईत मारला गेला. मराठी बायबलमध्ये येशूच्या त्या वाक्याला ‘आहे’ हेच क्रियापद आहे. ते वाचणारा वसईचा कॅथलिक एक अर्थ घेतो आणि अहिल्यानगर भागातला, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतला प्रॉटेस्टंट दुसरा.

मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी, १९७३ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लॉयेनबेर्ग इथे लूथरच्या आणि झ्विंगली व त्याच्यानंतरचा सुधारक काल्व्हिन यांच्या परंपरेतल्या युरोपीय चर्चनी एका मसुद्यावर सहमती केली आणि एकमेकांच्या प्रभुभोजनाला मान्यता दिली. येशू भाकरी आणि द्राक्षारसासह स्वतःला देतो, अशी त्यातली भाषा आहे. ‘आहे’ की ‘दर्शवते’, याचा निवाडा त्यात केलेला नाही.